माणूस वर पाठवता, मग दोर का नाही पाठवत?

पोस्ट लांब आहे. पण चिंचेचा हंगाम चालू झालाय, म्हणून आत्ताच लिहितोय. पाडव्यानंतर लिहून काही उपयोग नाही.

मी उमरग्यात हायवेच्या कडेला दुकान चालवतो. दोर, दावी, कासरे, ताडपत्र्या, पाइप, फवारणीचे पंप, असलं सगळं. वडलांनी सुरू केलेलं दुकान आहे. तीसेक वर्षं आमच्या घरची चूल दोर विकून पेटते म्हटलं तरी चालेल.

गेल्या आठवड्यात एक पोरगं आलं. वीस-एकवीस वर्षांचं असेल. सोबत अजून दोघं गाडीवर बसलेली.

"अण्णा, वीस मीटर दोर द्या. चांगला."

"कशाला पाहिजे?"

"पोत्यांला. चिंचा झोडायला चाललाव, मुरूमकडं. शेठनं बारा झाडं घेतल्यात."

मी दोर मोजता मोजता सहज विचारलं, "आन कमरंला?"

ते हसलं. गाडीवरची दोघं पण हसली. "कमरंला कशाला अण्णा? आमी काय डोंगर चढलालाव?"

पैसे दिले, दोर खांद्याला लावला, गेली पोरं. मी मात्र गल्ल्यावर बसून विचार करत राहिलो. आजवर मी बैलासाठी दोर विकला, विहिरीसाठी विकला, ट्रॅक्टरला, मंडपाला, कडब्याच्या पेंढ्यांना विकला. पंचमीच्या झोक्याला तर दरवर्षी विकतो. पण "मला झाडावर चढायचंय, पडू नये म्हणून दोर द्या" असं म्हणत आजपर्यंत एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. चिंचेचं पोतं गाडीवरून पडू नये म्हणून आपण दोर घेतो. पोतं भरणारा माणूस झाडावरून पडू नये म्हणून घेत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

मी सातवीत होतो. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, बांधावरच्या चिंचेवरून पडले. आमचंच झाड, आमचाच बांध. दर वर्षी तेच चढायचे. आख्ख्या गावात त्यांच्यासारखा चढणारा नव्हता, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. त्या दिवशी ते साधारण वीस-पंचवीस फुटांवर असतील. फांदी मोडली नाही. चिंचेची फांदी सहजासहजी मोडतही नाही. ते हातात काठी घेऊन शेंड्याकडं वाकले आणि पाय घसरला, एवढंच. खाली ढेकळं होती, दगड नव्हता. त्यामुळं जीव वाचला असं लोक म्हणाले.

कमरेखालचं अंग गेलं. त्यानंतर नऊ वर्षं तात्या बाजेवर होते. त्या नऊ वर्षांत काकूनं काय केलं हे इथं लिहिणार नाही, ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना न सांगता कळेल. शेवटी तात्या गेले ते पाठीच्या जखमांनी. आमच्या घरात तेव्हाही दोराचे बिंडे छताला लागलेले होते. घरात दोरच दोर, आणि माणूस दोर नाही म्हणून गेला. हे मला कळायला फार वर्षं लागली. कारण सगळे एकच म्हणायचे, नशीब.

नशिबावर आधी बोलू.

आपल्या भागाला नशीब म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण बघितलीय. उमरगा आणि औसा तालुक्यातली गावंच्या गावं बसली. भूकंप आपल्या हातात नव्हता. पण माणसं मेली ती बहुतेक भिंतींच्या दगडाखाली आणि माळवदाच्या मातीखाली, आणि ते माळवद आपणच घातलं होतं. त्यानंतर बांधकामाची पद्धत बदलली, भिंतींना काँक्रीटचे पट्टे आले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नशिबात असेल तर पट्टा घालून काय होतंय. मग झाडावरच्या माणसाच्या बाबतीतच आपलं नशीब आडवं का येतं?

दुसरं वाक्य नेहमी ऐकायला मिळतं ते म्हणजे, "सवयीचा माणूस आहे, त्याला काय होतंय." उलट आहे बघा. सवयीचाच माणूस पडतो, कारण सवयीचाच माणूस चढतो. ज्याला चढता येत नाही तो खालीच उभा असतो.

आणि चढताना-उतरताना माणूस हुशार असतो. दोन हात आणि दोन पाय यातले तीन तरी कायम झाडाला टेकलेले असतात. भीती कामाच्या वेळी आहे. चिंच झोडायला एक हात तरी काठीला लागतो, बहुतेक वेळा दोन्ही. बाभळीचा नाही तर लिंबाचा पाला तोडायचा तर एका हातात कोयता. म्हणजे माणूस नुसत्या दोन पायांवर, गोल फांदीवर, वर बघत उभा. वरून फांदी हलतेय, कारण तोच ती हलवतोय. अशा वेळी त्याला तिसरा हात पाहिजे. दोर म्हणजे तो तिसरा हात. त्यात भित्रेपणाचं काही नाही.

वीस फुटांवरून सुटलेला माणूस साधारण सव्वा सेकंदाच्या आत खाली येतो. जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात "अगं आई" म्हणून होतं, फांदी धरून होत नाही. चाळीसच्या स्पीडच्या गाडीवरून पडलेला माणूस आपण हायवेवर बघतो. झाडावरून पडलेला तसाच असतो, फरक एवढाच की तो आडव्या रस्त्यावर घसरत जात नाही, सगळा मार एका जागी बसतो.

आता मुद्द्याचं. यात जबाबदार कोण?

चिंचेचा व्यवहार कसा चालतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेतकरी झाडं उक्ती देऊन टाकतो. व्यापारी झाडाकडं बघून अंदाज लावतो, सौदा होतो, पैसे मोकळे. व्यापारी पुढं झोडणाऱ्या टोळीशी बोलतो. टोळीला पैसे झाडावर नाही तर पोत्यावर, म्हणजे जितकं उरकेल तितकं. खाली बायका चिंचा वेचतात, पुढं घरोघरी फोडायला जातात. माल बाजारात जातो. या सगळ्या साखळीत झाडाला मालक आहे, मालाला मालक आहे, पोत्यालाही मालक आहे. वर चढलेल्या माणसाला मात्र कुणी मालक नाही. पडला की शेतकरी म्हणतो, मी झाड विकलं होतं. व्यापारी म्हणतो, मी टोळीला काम दिलं होतं. टोळीवाला म्हणतो, तो आपणहून आला होता.

कायद्याचं बघा. १९६४ चा आपल्या राज्याचा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा आहे, मोह आहे, जांभूळ आहे आणि चिंचही आहे. म्हणजे स्वतःच्या शेतातली चिंच तोडायची असली तरी परवानगी लागते. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. चांगलंच आहे, झाड वाचलंच पाहिजे. पण चिंचेची फांदी मोडली तर विचारणारं कुणीतरी आहे, आणि चिंचेवरून माणूस मोडला तर पंचनामा सोडून काही नाही, हे मला टोचतं.

आता भरपाई. हे नीट वाचा, कारण यात बऱ्याच जणांची समजूत चुकीची आहे.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडून झालेला अपघात त्यात बसतो. मृत्यू झाला तर दोन लाख. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख. पण ही योजना खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी आहे. म्हणजे सातबारा लागतो. तात्यांसारखा स्वतःच्या बांधावरच्या झाडावरून पडलेला आज असता तर बसला असता. पण दुसऱ्याच्या बांधावरची चिंच झोडायला जाणारा भूमिहीन माणूस, ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, तो यात कुठं बसतो? बसत नाही. आणि टोळीत जास्त करून तोच असतो.

त्याच्यासाठी राहतो तो बँकेतला वीस रुपयांचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०, वर्षाला वीस रुपये खात्यातून कापले जातात, १ जून ते ३१ मे असं वर्ष. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही पाय निकामी झाले तर दोन लाख, एक हात किंवा पाय कायमचा गेला तर एक लाख. नुसतं हाड मोडलं तर काही मिळत नाही, हेही सांगतो. या योजनेच्या नियमात झाडावरून पडणं हे नाव घेऊन लिहिलेलं आहे. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांत नोंद लागते. साप चावला किंवा झाडावरून पडला तर लगेचच्या दवाखान्यातली नोंद लागते. म्हणून माणूस पडला की घरी नेऊन हळद-तेल लावत बसू नका. दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर "झाडावरून पडून" हे शब्द लिहून घ्या. "पडून जखमी" एवढंच लिहिलं तर नंतर चकरा मारायची वेळ येते.

पण विमा हा पडल्यानंतरचा विषय. दोन लाखांत तात्यांचे पाय आले नसते.

आपल्या इथून हायवे धरून हैदराबादकडं जा. तेलंगणात ताडावर चढून ताडी काढणारा समाज मोठा आहे. ताडाला फांदी नसते, सरळ खांब. तिथंही माणसं पडायची, तिथंही लोक नशीबच म्हणायचे. तिथल्या सरकारनं १४ जुलै २०२४ ला "काटमय्या रक्षा कवचम" नावानं ताडी काढणाऱ्यांना सुरक्षा संच वाटायला सुरुवात केली. काटमय्या हा त्यांचा देव. डोंगर चढणारे लोक वापरतात तसले दोर आणि पट्टे त्यात आहेत, आणि ते कसे वापरायचे याचं शिक्षण आधी दिलं जातं. केंद्राच्या नारळ विकास मंडळानं तर २०११ पासून नारळावर चढणाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, चढायचं यंत्र दिलं, त्यांच्यासाठी वेगळा विमा काढला. म्हणजे ताडाच्या माणसाचा विचार झाला, माडाच्या माणसाचा झाला. चिंचेच्या माणसाचा अजून कुणी केला नाही. कारण ताडी आणि नारळ काढणं हा धंदा मानला जातो. चिंच झोडणं हे दोन महिन्यांचं किरकोळ काम मानलं जातं. हाडं मात्र दोन्हीकडं सारखीच मोडतात.

आता तुम्ही म्हणाल, दुकानदार आहे, दोर खपवायला लिहितोय. म्हणा. माझ्याकडून घेऊ नका, सोलापूरहून घ्या, लातूरहून घ्या. पण घ्या.

आणि मी काही साळसूद नाही. चार वर्षांपूर्वी दुकानामागच्या लिंबाच्या फांद्या पत्र्यावर आल्या होत्या. मी एका माणसाला तीनशे रुपये ठरवून वर चढवलं. तो वर गेला, कुऱ्हाड चालवली, खाली आला, चहा पिऊन गेला. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं, कमरेला काही नव्हतं. आणि मी खाली कुठं उभा होतो? दोराच्या बिंड्याला टेकून. तो पडला नाही म्हणून मी आज ही पोस्ट लिहितोय. पडला असता तर मीही म्हणालो असतो, "त्यालाच जास्त माहीत होतं." त्या दिवशी मला तात्या आठवले नाहीत. हे सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे.

झोडणाऱ्या पोरांचं पण ऐकलं मी. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

एक म्हणतं, दोर बांधला की काम उरकत नाही. बरोबर आहे, पहिले दोन दिवस उरकत नाही. पण जो दोर लावून निर्धास्त उभा राहतो त्याला दोन्ही हात मोकळे मिळतात, शेंड्यापर्यंत काठी पोचते. हिशोब घाला.

दुसरं म्हणतं, मोहोळ उठलं तर दोर सोडेपर्यंत मरायची पाळी. हे मात्र खरं भय आहे. त्याला उत्तर असं की चढायच्या आधी झाडाला फेरी मारून मोहोळ बघायचं. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडावर चढायचंच नाही, व्यापारी कितीही म्हणू दे. आणि गाठ मारायची नाही, हूक वापरायचा. हूक एका हातानं सुटतो. मोहोळ उठल्यावर वीस फुटांवरून उडी मारणारा माणूस माश्यांनी मरत नाही, उडीनं मरतो.

तिसरं म्हणतं, मोबाईलच्या टॉवरवर चढणारे बेल्ट लावतात कारण कंपनी देते. आम्हाला कोण देणार? हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी खाली लिहिलंय.

त्याआधी दोर कसा लावायचा ते थोडक्यात. कारण चुकीचा लावलेला दोर नसलेल्या दोरापेक्षा वाईट.

नुसता कमरेला दोर बांधून चढू नका, आणि सरकगाठ तर अजिबात मारू नका. पडल्यावर ती आवळत जाते, पोट आणि बरगड्या धरते, माणूस उलटा लटकू शकतो. खांदे आणि मांड्या दोन्हीतून जाणारा पट्टा घ्या, ज्याला फुल बॉडी बेल्ट म्हणतात. त्यावर आयएस ३५२१ असा मानकाचा क्रमांक बघून घ्या. हजार-दोन हजारांत येतो. एका मोठ्या झाडाच्या मालात दोन पट्टे सहज निघतील.

पट्ट्याला दोन आखूड दोर पाहिजेत, दोन हूक. फांदी ओलांडताना आधी दुसरा हूक पुढं अडकवायचा, मगच पहिला सोडायचा. एक कायम अडकलेला. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

अडकवायचं ते जिवंत, मांडीएवढ्या जाड फांदीला, खोडाजवळ, आणि कमरेच्या वर. पायाखाली अडकवला तर पडायला जास्त जागा मिळते आणि झटका जोरात बसतो. दोर ढिला सोडायचा नाही. जांभूळ आणि शेवगा यांच्या फांदीवर भरवसा ठेवायचा नाही, त्या न सांगता मोडतात.

कोयता, कुऱ्हाड चालवायची असेल तर दोर कुठून गेलाय ते प्रत्येक घावाआधी बघायचं. स्वतःचाच दोर तोडून पडलेला माणूस वाचवता येत नाही. फांदी तोडणाऱ्यानं दोन्ही हूक लावून काम करावं.

उन्हात वर्षभर पडलेला प्लास्टिकचा दोर माणसासाठी वापरू नका. हात लावला की भुसा निघतो तो दोर मेलेला असतो. शेळी बांधा त्याला. आणि माणसाचा दोर पोत्याला वापरू नका, पोत्याचा माणसाला नको. रंग वेगळा ठेवा म्हणजे चुकत नाही.

झाडाजवळून विजेची तार जात असेल तर वायरमनला सांगून लाइन बंद झाल्याशिवाय चढायचं नाही. ओला बांबू, ओली फांदी, दोन्हीतून करंट येतो. तिथं दोर काही कामाचा नाही.

एकट्यानं चढायचं नाही. दोरानं पडणं थांबतं, पण माणूस लटकतो. बेशुद्ध माणूस पट्ट्यात लटकत राहिला तर थोड्या वेळात जिवावर बेततं. खाली एक जण पाहिजे, आणि त्याच्याकडं वर जायला दुसरा पट्टा पाहिजे. म्हणून टोळीला एक नाही, दोन संच.

आणि कुणी पडलाच तर त्याला काखेत हात घालून उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मणका मोडलेला असेल तर त्या उचलण्यातच पाय जातात. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून, दारावर नाही तर फळीवर सरकवा. १०८ ला फोन करा. तात्यांना चौघांनी उचलून बैलगाडीत घातलं होतं. चांगल्या मनानं घातलं होतं. पण पाय पडताना गेले की उचलताना, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

आता मागणी. लंबी-चौडी नाही.

एक. ज्यानं झाड उक्तं घेतलं त्यानं दोर द्यायचा. टोळीला दोन संच, त्याच्या खर्चानं. सौदा ठरतो तेव्हाच हे ठरलं पाहिजे. आणि झाड विकणाऱ्या शेतकऱ्यानं विचारायचं, "शेठ, माणसांला पट्टे हायत का? नसतील तर माझ्या बांधावर चढू नका." आपल्या झाडाला भाव करून घेताना आपण दोन दिवस घासाघीस करतो, हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

दोन. प्रत्येक ग्रामपंचायतीनं दोन संच घेऊन ठेवावेत. ज्याला पाहिजे त्यानं सही करून न्यावेत, आणून द्यावेत. गावात मयतीचं सामान सार्वजनिक ठेवतो आपण. जिवंत ठेवायचं सामान पण ठेवू.

तीन. पावसाळ्याच्या आधी तारांवरच्या आणि रस्त्याकडेच्या फांद्या छाटायची कामं निघतात. नगरपालिका असो, वीज कंपनी असो, शाळा असो, काम ठेकेदाराकडून होतं. कागदावर सुरक्षेची अट असेलही. माझं म्हणणं एवढंच की बिल काढणाऱ्यानं एकदा झाडाखाली उभं राहून वर बघावं. वरच्या माणसाला पट्टा दिसला नाही तर काम थांबवावं. आपण नागरिकांनी पण फोटो काढून विचारावं. भांडायचं नाही, विचारायचं.

चार. शेतकरी अपघात योजनेत शेतमजूर घ्या. सातबारा नसला म्हणून झाड त्याला हळू पाडत नाही. हे आमदार-खासदारांच्या हातातलं काम आहे. यात पक्ष नाही, जात नाही. ज्यांना टॅग करता येईल त्यांना टॅग करा.

आणि माझ्याकडून एक. कालच दोन संच मागवलेत. परवा येतील. विकायला नाही. या हंगामात ज्या टोळीला पाहिजेत त्यांनी सकाळी न्यावेत, संध्याकाळी आणून द्यावेत, भाडं नाही, डिपॉझिट नाही. नाव आणि गाव वहीत लिहायचं फक्त. पहिल्या दिवशी कसे घालायचे ते टॉवरचं काम केलेला आमच्या ओळखीचा एक पोरगा दाखवेल. दुकानामागच्या त्याच लिंबावर.

त्या मुरूमकडं गेलेल्या पोरांचा नंबर माझ्याकडं नाही. कुणाला त्या बाजूला बारा झाडांवर काम करणारी टोळी दिसली तर त्यांना सांगा, उमरग्याच्या अण्णानं बोलावलंय म्हणून. दोराचे पैसे मी मीटरमागं एक रुपया जास्त लावले होते, तेही परत द्यायचेत.

ज्यांच्या गावात चिंचा झोडल्या जातात त्यांनी ही पोस्ट गावच्या ग्रुपवर टाका. आणि जो झाडावर चढतो त्याला वाचून दाखवा. ग्रुपवर शेतकरी असतात, व्यापारी असतात, सरपंच असतात. झोडणारा बहुतेक वेळा नसतो, तो त्या वेळी वर असतो.